सान ह्वानचे किल्ले दोन दिवसांत कसे वाचायचे: चार हल्ले आणि त्यांची दगडी उत्तरं

पोर्तो रिकोच्या राजधानीत, जुन्या सान ह्वानमध्ये, बहुतेक लोक एल मोर्रो या किल्ल्यापासून सुरुवात करतात. हिरवळीवर फोटो काढतात, तोफांना हात लावतात, उन्हाने हैराण होतात आणि सान क्रिस्तोबाल हा दुसरा मोठा किल्ला पुढच्या दिवसावर ढकलतात, म्हणजेच सोडून देतात. हा क्रम उलटा आहे. या शहराची तटबंदी एका आराखड्यानुसार उभी राहिली नाही. दर हल्ल्याने एक भोक दाखवलं आणि तेव्हा इथे राज्य करणाऱ्या स्पेनने ते दगडाने बुजवलं. 1595, 1598, 1625 आणि 1797 ही चार सालं लक्षात ठेवलीत की कुठली भिंत कशासाठी आहे ते पाटी न वाचताही कळतं. खालचा क्रम त्यासाठीच लावला आहे.

निघण्याआधी

पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात आहे, त्यामुळे भारतातून जाणाऱ्याला अमेरिकेचाच व्हिसा लागतो. न्यूयॉर्कहून विमान साधारण चार तासांत पोचतं. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा देशांतर्गत प्रवास आहे, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग नसते. तरीही एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं जवळ ठेवा. परतताना सामान अमेरिकी कृषी खात्याच्या तपासणीतून जातं आणि काही ताजी फळं तिथेच काढून घेतात. बाजारातून फळं घेतलीत तर तिथेच खाऊन मोकळे व्हा.

सान ह्वान जवळजवळ पुण्याच्याच अक्षांशावर आहे, उत्तर 18 अंश 28 मिनिटं. सूर्य पुण्याइतकाच डोक्यावर येतो, पण समुद्राच्या वाऱ्यामुळे त्याचा चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी मान भाजलेली असते. टोपी दोरीची घ्या, कारण साधी टोपी एल मोर्रोच्या तटावरून थेट अटलांटिकात जाते. डिसेंबर ते एप्रिल हवा सगळ्यात चांगली, पण क्रूझ जहाजांची गर्दीही तेव्हाच. बंदरात मोठी जहाजं दिसली तर दहा ते एक या वेळात गल्ल्यांत फिरा आणि किल्ले पुढे ढकला. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. तेव्हा तिकिटं रद्द करता येतील अशीच काढावीत.

बूट रबरी तळव्याचे हवेत. जुन्या शहराच्या रस्त्यांवर निळसर चकाकणारे ठोकळे बसवलेले आहेत, त्यांना आदोकिन म्हणतात. हा खाणीतला दगड नव्हे. लोखंडाच्या भट्टीतली मळी ओतून ते घडवले आहेत, म्हणून त्यांना ती निळी झाक. सरीचं पाणी पडलं की त्यांच्यावरून काचेसारखं घसरायला होतं आणि सगळ्या गल्ल्या उताराच्या आहेत. कोकणातल्या जांभ्याच्या पायऱ्या भर पावसात उतरणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तिकिटाचा हिशोब

दोन्ही मोठे किल्ले अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहेत. माणशी 10 डॉलरचं एकच तिकीट दोन्हीकडे 24 तास चालतं आणि 15 वर्षांपर्यंतच्या मुलांना काही पडत नाही. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तोच दाखवा. वेळ सर्वसाधारणपणे सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचार. दर आणि वेळा बदलतात, तेव्हा आदल्या रात्री उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या आणि कार्ड जवळ ठेवा.

24 तास म्हणजे एक दिवस नव्हे, हे इथलं मर्म. पहिल्या दिवशी दुपारी दोनला सान क्रिस्तोबालला तिकीट काढलंत तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तेच तिकीट एल मोर्रोला चालतं. उन्हाच्या दृष्टीनेही हाच क्रम बरा. सान क्रिस्तोबालमध्ये भुयारं आणि कमानीदार खोल्या आहेत, दुपार तिथे निघते. एल मोर्रोच्या दारापर्यंतच्या मैदानात एक झाड नाही, तिथे सकाळीच जावं. एकाच दिवसात दोन्ही करायचा हट्ट धरला तर दोन किल्ल्यांमधला साधारण दीड किलोमीटरचा रस्ता भर दुपारी चालावा लागतो आणि दुसरा किल्ला मग नुसता उरकला जातो.

ड्रोन नेऊ नका. राष्ट्रीय उद्यानांत ड्रोन उडवायला बंदी आहे.

पहिला दिवस, सकाळ: वेशीपासून तटाच्या पायथ्याशी

सुरुवात सान ह्वानच्या वेशीपासून करा. लाल रंगाचा हा दरवाजा 1635 चा. बंदरात उतरलेला गव्हर्नर किंवा बिशप इथून आत यायचा आणि समोरच्या चढाच्या गल्लीने सरळ कथीड्रलला जाऊन सुखरूप पोचल्याचे आभार मानायचा. दरवाजा ओलांडताना दोन्ही बाजूंना हात पसरून तटाची जाडी बघा. कमान नव्हे, हा बोगदाच आहे.

इथे 1625 साल आठवायचं. त्या वर्षी डच सेनापती बाउडवाइन हेन्ड्रिक्स 17 जहाजं घेऊन एल मोर्रोच्या तोफांसमोरून सरळ बंदरात घुसला आणि शहर ताब्यात घेतलं. किल्ला मात्र त्याला मिळाला नाही. जाताना त्याने शहर पेटवून दिलं, गव्हर्नरचा वाडाही जळला. म्हणजे किल्ला शाबूत आणि शहराची राख, असा प्रकार. किल्ल्यापेक्षा शहराला तट हवा हे तेव्हा कळलं आणि 1630 च्या दशकात शहराभोवती भिंत घालायला घेतली. ही वेस त्या भिंतीचाच भाग.

वेशीतून बाहेर पडलात की उजवीकडे, तट आणि पाणी यांच्यामधून पासेओ देल मोर्रो नावाची फरसबंद पायवाट जाते. सकाळी ती तटाच्या सावलीत असते, म्हणून आठच्या सुमाराला गाठा. वाटेवर मांजरं दिसू शकतात. त्यांना डब्यातला पोळीचा तुकडा घालायची गरज नाही.

एक चूक इथे हमखास होते. ही वाट एल मोर्रोच्या पायथ्याशी जाते, म्हणून लोक समजतात की तिकडून वर किल्ल्यात जाता येईल. तसं दार नाही. वाट संपली की आलात तसेच मागे वेशीपर्यंत यायचं. तेवढा वेळ आणि पाणी हिशोबात धरा.

ही वाट चुकवू नका असं आम्ही सांगतो ते दृश्यासाठी नव्हे. अख्ख्या शहरात तटाचा दगड इतक्या जवळून, हाताच्या अंतरावरून, दुसरीकडे बघायला मिळत नाही. इथे अर्धा तास घालवलात तर पुढचे दोन्ही किल्ले सोपे जातात.

भिंत वाचायची रीत

आधी चार पावलं मागे जा आणि भिंतीचा कल बघा. तळाशी ती पुढे आलेली आहे आणि वर जाताना आत कलते. तोफगोळा सपाट भिंतीवर आदळला तर सगळा जोर दगडात जातो, कललेल्या भिंतीवर तो निसटतो. वर एका उंचीवर गोलसर आडवी दगडी पट्टी दिसेल. तिथे कल संपतो आणि उभा कठडा सुरू होतो. या पट्टीला स्पॅनिशमध्ये कोर्दोन, म्हणजे दोरी, म्हणतात. आपल्या किल्ल्यांवर चर्या, म्हणजे तटावरचे कंगोरे, जिथून सुरू होतात ती ही रेघ, फक्त इथे चर्यांऐवजी जाडजूड कठडा आणि त्यात तोफांसाठी खाचा आहेत.

आता जवळ या. दगड फिका पिवळा-तपकिरी, हाताला खरखरीत. हा वाळूचा दगड या किनाऱ्यावरचाच. एके काळच्या वाळूच्या टेकड्या शिंपल्यांच्या चुन्याने घट्ट होऊन तो बनला. नीट बघितलंत तर काही चिऱ्यांत तिरक्या रेघांचे थर दिसतात, वाऱ्याने वाळू जशी टाकली तशा. काळ्या बसाल्टची सवय असलेल्या सह्याद्रीच्या माणसाला हा दगड फारच मऊ वाटेल, आणि मऊ आहेच. पण तोफेच्या माऱ्याला मऊ दगडाचा एक फायदा असतो. तो काचेसारखा तडकून उडत नाही, गोळा आत रुतवून घेतो.

भिंत आरपार चिऱ्यांची नाही. बाहेर आणि आत चिऱ्यांच्या दोन भिंती, मधे वाळू, चुनखडीचे दगड आणि भर. सांधे चुन्याचे. आणि वरून, हे बहुतेकांना माहीत नसतं, अख्ख्या किल्ल्याला चुन्याचा गिलावा होता. आज दिसणारा उघडा, खडबडीत दगड बांधणाऱ्यांनी लोकांना दाखवण्यासाठी ठेवलेला नव्हता. तो गिलावा झडल्यामुळे दिसतो. काही ठिकाणी पांढरट, गुळगुळीत पट्टे दिसतील. ते जुन्या गिलाव्याचे अवशेष असतात किंवा अलीकडे चुन्याने पुन्हा केलेला गिलावा. ‘जुन्या भिंतीला रंग फासला’ म्हणून कोणी नाक मुरडलं तर त्याला सांगा, उघडा दगडच इथे उपरा आहे.

खराबी कुठून येते ते एका सांध्यापाशी उभं राहून कळतं. करडा, सिमेंटसारखा कडक सांधा शोधा, आणि त्याच्या भोवतीचा चिरा बघा. सांधा कडेला उभा राहिलेला आणि चिरा मात्र आत खोल गेलेला, वाटीसारखा झिजलेला. दगड सांध्याआधी का गेला? समुद्राचं खारं पाणी भिंतीत मुरतं. चुन्याचा सांधा सच्छिद्र असतो, ओल त्याच्यातून बाहेर येते आणि झिजायचं असेल तर चुना झिजतो. तो दर काही वर्षांनी पुन्हा भरायचाच असतो. सिमेंट ओल अडवतं. मग पाणी चिऱ्याच्या पृष्ठभागातून सुकतं, मिठाचे स्फटिक दगडाच्या आत वाढतात आणि त्याचे पापुद्रे सुटतात. चांगल्या हेतूने केलेली डागडुजी अशी उलटते. बारीक पांढरी पावडर दिसली तर ते मीठ. बोटाने खरवडू नका, तिच्याबरोबर दगडही सुटतो.

आपल्याकडे गडसंवर्धनाचं काम करणाऱ्या मंडळींनी हा सांधा फोटो काढून न्यावा. बसाल्ट सिमेंटचा मार जास्त सोसतो, पण जांभ्याच्या आणि चुनखडीच्या किनारी किल्ल्यांवर नेमकी हीच गोष्ट घडते.

भेगांतून निघालेली झाडंही बघा. वड-पिंपळाच्या कुळातली रोपटी पक्ष्यांच्या विष्ठेतून येतात आणि मुळं भरावात शिरली की बाहेरची चिऱ्यांची भिंत सुटी होते. उपटून चालत नाही, मूळ ओढलं की चिराही येतो. आधी कापून, मूळ मारून, मग सांधा भरावा लागतो.

दुपार होईपर्यंत शहरात

वेशीतून परत आत. कथीड्रल ऑफ सान ह्वान बाउतिस्ता चढावरच आहे. 1521 चं पहिलं देऊळ लाकडी होतं, वादळाने नेलं. आजची दगडी इमारत 1540 च्या बांधणीपासून पुढे वाढत गेली. पोर्तो रिकोचा पहिला स्पॅनिश गव्हर्नर पोन्से दे लेओन याची संगमरवरी कबर इथे आहे.

वेळ मोजका असेल तर कथीड्रलपेक्षा सान होसे चर्च बघा. बांधकाम 1532 ला सुरू झालं, आत दगडी फासळ्यांचं गॉथिक छत आहे आणि दीर्घ दुरुस्तीनंतर 2021 मध्ये ते पुन्हा उघडलं. अमेरिका खंडात या शैलीचं इतकं जुनं छत फार कमी ठिकाणी उरलं आहे. फासळ्या जिथे एकत्र येतात तिथे मान वर करून बघा. भिंतींवर सिमेंट काढून चुन्याचं काम कसं केलं तेही सकाळी शिकलेल्या डोळ्याला दिसेल.

ला फोर्तालेसा हा गव्हर्नरचा वाडा 1533 ते 1540 मधला, शहराची पहिली गढी. जागा मात्र चुकली होती. ती बंदराच्या आत आहे, तोंडावर नाही, म्हणजे शत्रू आत आल्यावरच तिच्या तोफा उपयोगी. ही चूक लक्षात आली म्हणून 1539 मध्ये टोकाच्या खडकावर एल मोर्रोचं काम सुरू झालं. मोर्रो म्हणजे समुद्रात घुसलेलं खडकाचं नाक. वाड्यात आजही गव्हर्नर राहतात, त्यामुळे मार्गदर्शकाबरोबरच आणि कामाच्या दिवशीच आत सोडतात. बाहेरून बघून पुढे गेलात तरी फार बिघडत नाही.

जेवणात शाकाहारी मंडळींनी एक प्रश्न न विसरता विचारावा. भात आणि राजम्यासारख्या बियांची आमटी सगळीकडे मिळते आणि दिसायला शुद्ध शाकाहारी असते, पण तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे. ‘सिन कार्ने, सिन हामोन’ असं स्पष्ट सांगा. मोफोंगो म्हणजे कच्ची केळी तळून खलबत्त्यात लसणीबरोबर कुटलेला गोळा. त्यातही चरबीचा कुरकुरीत तुकडा घालतात, तो नको म्हणता येतं. तोस्तोनेस, म्हणजे दोनदा तळलेले केळ्याचे चपटे काप, निर्धास्त खा.

पहिला दिवस, दुपार: सान क्रिस्तोबाल

दोनच्या सुमाराला आत शिरा आणि अडीच तास ठेवा. 27 एकरांचा हा किल्ला स्पेनने अमेरिकेत बांधलेला सगळ्यात मोठा. काम 1634 ला सुरू झालं आणि आजचं रूप यायला 1790 उजाडलं.

का बांधला? 1598 साठी. त्या वर्षी इंग्लंडचा जॉर्ज क्लिफर्ड, अर्ल ऑफ कंबरलंड, समुद्रावरून न येता पूर्वेला फौज उतरवून जमिनीवरून आला. एल मोर्रोच्या तोफा समुद्राकडे, आणि शत्रू पाठीमागे. किल्ला पडला. एल मोर्रो शत्रूच्या हाती गेला तो एवढ्या एकाच वेळी. इंग्रज टिकले नाहीत, कारण त्यांच्या छावणीत हगवण पसरली आणि काही आठवड्यांत ते निघून गेले. स्पेनला धडा मात्र मिळाला: समुद्राचा किल्ला जमिनीकडून पडतो. आपल्याला हे वसईने शिकवलं आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली ती उत्तरेच्या, जमिनीच्या बाजूने, तटाखाली सुरुंग लावून.

मैदानात आलात की आधी खाली बघा. फरसबंदीला उतार आहे. पावसाचं पाणी या उतारावरून खालच्या पाच मोठ्या टाक्यांत जातं. गडावरचं टाकं खडकात खोदलेलं असतं, इथे मैदानच पाणलोट आणि पोटात कमानीची टाकी. किल्ल्यावर नदी किंवा झरा नाही, वेढ्यात हेच पाणी.

मग पूर्वेला, बाहेरच्या टप्प्यांकडे तोंड करून तटावर उभे राहा. समोर एकामागे एक बांधकामं दिसतील: सान कार्लोस, त्रिनिदाद, आणि पंख्याच्या आकाराचं म्हणून एल आबानिको नावाचं. वरवर गोंधळ वाटतो. युक्ती सोपी आहे. मागची प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा उंच, म्हणजे मागच्या तोफा पुढच्यांच्या डोक्यावरून मारा करतात. आणि पुढचं प्रत्येक बांधकाम पाठीकडून उघडं. शत्रूने ते जिंकलं तरी त्याला लपायला भिंत नाही, मागच्या तोफा त्याला टिपतात. रांगा मोजा आणि प्रत्येकीची पाठ उघडी आहे का ते तपासा. बाहेरच्या भागात जाण्याची परवानगी रोज नसते, म्हणून प्रवेशालाच विचारून ठेवा.

हे सगळं एकदम झालं नाही. 1762 मध्ये इंग्रजांनी क्यूबातलं स्पेनचं हवाना घेतलं. तिथल्या मोर्रो किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग पेरून त्यांनी खिंडार पाडलं होतं. स्पेन हादरलं. 1765 मध्ये राजाने अलेहांद्रो ओरायली याला पाहणीला पाठवलं आणि त्याच्या अहवालावरून इंजिनिअर तोमास ओदाली याने सान ह्वानचा बंदोबस्त नव्याने आखला. पैसा मेक्सिकोच्या चांदीतून यायचा. हात गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे, कैद्यांचे, सैनिकांचे आणि मजुरांचे होते. कोनशिलेवर इंजिनिअर असतात, बाकीचे नाहीत.

हवानाचं उत्तर भुयारात बघायला मिळतं. पोटातून जाणारे बोगदे फक्त सैन्याच्या ये-जा करण्यासाठी नाहीत. काही फाटे खंदकापर्यंत, बाहेरच्या बांधकामांखाली जातात. शत्रू वर आला की तिथे दारू ठासून त्याच्यासकट जमीन उडवायची. सुरुंगाला प्रतिसुरुंग. चालताना एक हात डोक्यावर ठेवा, कमान मधेच उतरते, आणि ओल्या विटांवर पाय जपून टाका.

भुयाराच्या बाजूला एक कोठडी आहे. तिच्या भिंतीवर कैद्याने काढलेली जहाजांची चित्रं आहेत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत मिनिटभर थांबा. मोबाइलचा दिवा सरळ मारला तर भिंत पांढरी होते आणि रेषा हरवतात, तो बाजूने, जमिनीकडे धरा. मग डोलकाठ्या आणि दोर ओळखू येतात. ज्याने काढली त्याला जहाजाची दोरखंडं पाठ होती एवढं नक्की. फ्लॅश वापरू नका.

वरच्या टप्प्यावर करडी, बोजड काँक्रीटची चौकी दिसेल. ती दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकी सैन्याची. विद्रूप आहे, पण काढून टाकली नाही हे योग्यच केलं. उत्तरेला खाली, समुद्रात घुसलेल्या टोकावर एकाकी दगडी टेहळणी-चौकी दिसते, तिला सैतानाची चौकी म्हणतात. हा इथला सर्वात जुना भाग. तिथे जायची परवानगी नाही, फोटो वरूनच काढा.

बाहेर पडताना पूर्वेला रहदारीचा चौक लागतो. तटाचा हा भाग 1897 मध्ये शहर वाढवायला पाडला. म्हणजे 1898 च्या स्पेन-अमेरिका युद्धात अमेरिकी तोफा यायच्या एकच वर्ष आधी.

दुसरा दिवस, सकाळ: एल मोर्रो

साडेनऊला मैदानाच्या कडेला असा. शाळेच्या सहलीसाठी आयतं वाटावं असं हे गवत मुळात मारागिरीचं मैदान आहे. आडोसा घ्यायला झाड, दगड, खड्डा काही नाही, कारण जमिनीवरून येणाऱ्यावर सरळ तोफा चालाव्यात. अमेरिकी सैन्याने नंतर इथे गोल्फ खेळलं. आज पतंग उडतात, आणि सततच्या वाऱ्यामुळे आपल्या संक्रांतीपेक्षा सोपे उडतात.

खंदक कोरडा आहे, आणि कोरडाच असायचा होता. पुलावरून आत जा, पण खिडकीच्या तोफांकडे लगेच पळू नका. आधी फांजीवरून, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवरून, शहराकडे तोंड करा. ही भिंत जमिनीकडची, 1598 आणि 1625 नंतर वाढवलेली. समुद्राकडच्या भिंतींपेक्षा ती किती भक्कम आहे ते बघा.

किल्ला सहा टप्प्यांत खाली उतरतो आणि वरचा तट पाण्यापासून 40 मीटरहून उंच आहे. कारण साधं आहे. वरून मारलेला गोळा जहाजाच्या डेकवर पडतो, खालच्या टप्प्यावरचा पाण्याच्या रेषेजवळ लागतो. एकाच जहाजाला दोन्ही उंचीवरून एका वेळी मारायचं. मधल्या मैदानातून खाली सांता बार्बारा तोफखान्याकडे लांब उतार जातो, तोफा ओढून नेता याव्यात म्हणून. उतार चढताना थांबून श्वास घ्या, वर यायचंच आहे. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी वरचे दोन टप्पे करून बाकी सोडावं. अगदी खालचे भाग बऱ्याचदा बंद असतात.

खाली उतरलात तर किल्ल्याच्या पोटात दडलेला 1539 चा मूळ बुरूज शोधा. पुढचे सगळे टप्पे त्याच्याभोवती चढले. 1595 मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक बंदरात घुसायला आला तेव्हा आजचा किल्ला नव्हता, पण या खडकावरच्या तोफांनी त्याला परतवलं. याच बुरुजाच्या भिंतीत 1898 च्या अमेरिकी गोळ्याचा तुकडा रुतलेला आहे. त्या वर्षी 10 मे रोजी सान क्रिस्तोबालवरून स्पेनच्या तोफेने पहिला गोळा टाकला, 12 मेला अ‍ॅडमिरल सॅम्पसनच्या जहाजांनी किल्ल्यावर मारा केला. वरचा दीपस्तंभ 1908 चा, तोही त्या माऱ्यानंतरच.

आणि 1797? इंग्रज सेनापती राल्फ अ‍ॅबरक्रॉम्बी पूर्वेला उतरला, पुलांवरच्या आघाडीवर अडकला आणि दोनेक आठवड्यांत निघून गेला. सान क्रिस्तोबालच्या भिंतींपर्यंत पोचलाच नाही. 1765 नंतरचा सगळा खर्च त्या वर्षी वसूल झाला म्हणायचा.

ध्वजस्तंभांवर तीन झेंडे दिसतील: अमेरिकेचा, पोर्तो रिकोचा आणि पांढऱ्यावर लाल, खडबडीत तिरप्या फुलीचा. तो जुन्या स्पॅनिश सैन्याचा, बर्गंडीचा क्रॉस.

अर्धा दिवस उरला तर

बंदराच्या पलीकडच्या काठावर, इस्ला दे काब्रासच्या टोकाला, एल कान्युएलो नावाची छोटी चौकोनी गढी आहे. एल मोर्रोवरून ती समोर दिसते. डचांनी लाकडी गढी जाळल्यावर ती दगडात बांधली. दोन्हीकडच्या तोफांचा मारा मधल्या पाण्यावर एकमेकांना छेदतो. गढीत जाता येत नाही, गाडी मात्र जवळपर्यंत जाते. जुन्या शहरातून खाडीला वळसा घालावा लागतो, अर्धा-पाऊण तास धरा. बस नाही, टॅक्सी ठरवून परतीचीही बोली करून घ्या, तिथे दुसरी मिळेल याची खात्री नाही.

दुपारी चारनंतर जा. सूर्य पाठीशी असतो आणि एल मोर्रोचे सहाही टप्पे समोरून उजळतात. किल्ल्यात असताना जे नुसते जिने वाटले होते ते इथून तोफांच्या रांगा म्हणून दिसतात. ड्रेकच्या सुकाणूवाल्याने बंदराचं तोंड असंच काहीसं पाहिलं असेल. फोटोसाठी 100 मिलिमीटरच्या पुढची लेन्स किंवा फोनची दुप्पट-तिप्पट झूम पुरते. आणि खारा तुषार काचेवर बसतो, तेव्हा पुसायला मऊ कापड खिशात असू द्या.